पिवळ्या फ्रॉकशेजारचं नाव

"हा मी आहे," हेडलीने फोटोवर बोट आपटलं.

"बोट काढ. त्याच्याखाली मी आहे," त्याचा भाऊ गार्लंड म्हणाला.

संग्रहालयाच्या रोवेनाने पेनचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं. प्रदर्शन उद्यावर आलं होतं. कॉड मासे वाळवणाऱ्या बायका, बर्फावरून लाकडं ओढणारे कुत्रे, सगळ्या फोटोंखाली नावं लागली होती. कुत्र्यांचीसुद्धा. राहिला होता एवढा एकच, नाताळातल्या ममरांचा. न्यूफाउंडलंडमध्ये ही मंडळी तोंड झाकून, कुणाचेही कपडे अंगात चढवून घरोघर नाचायला जात. यजमानांनी ओळखलं तरच चेहरा दाखवायचा.

फोटोत दोन ममर चुलीपुढे नाचत होते. एकाच्या तोंडावर जाळीचा पडदा, दुसऱ्याच्या तोंडावर उशीचा अभ्रा. पडदेवाला अभ्र्यावरूनच गालाचा मुका घेत होता. फोटो काळापांढरा होता, पण अभ्र्याखालचा फ्रॉक पिवळा, हे अख्ख्या खाडीला ठाऊक होतं. तसा फ्रॉक एकट्या डल्सीकडे होता.

डल्सी म्हणजे हेडलीची बायको. ती खिडकीशी मोजे विणत बसली होती.

"अगं पोरी, या मुक्यावर माझा संसार उभा आहे," हेडली म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी मागणी घातली मी हिला."

"मुका माझा आणि मागणी याची!" गार्लंड उसळला. "म्हणून तर बिनलग्नाचा राहिलो. याच्या घरचा चहा कधी घेतला नाही."

"मग आत्ता काय पितोयस?"

"हा वहिनीचा आहे."

"पाय बघ ना! डावा आत वळलाय. माझाच."

"आपल्या घरात सगळ्यांचाच वळतो, गाढवा!"

रोवेनाने कपाळ चोळलं. "आजोबा, दोघांचीही नावं लिहू?"

"नाही!" दोघे एकदम ओरडले. सकाळपासून एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं जमलं.

"कुणाचंच नको?"

"खबरदार!"

शेवटी रोवेना खिडकीकडे वळली. "आजी, आता तुम्हीच काय ते सांगा. तुम्हाला तर कळलंच असेल, पडद्यामागे कोण होतं ते."

गार्लंडने टोपी काढली. हेडलीने कप बशीत ठेवला.

"मला कसं कळणार, बाई?" डल्सीने विणकाम उलटं फिरवलं. "मी तापाने घरी पडले होते. फ्रॉक या दोघांचे बाबा घालायला मागून घेऊन गेले होते."