मेंढरांच्या कानाने

बिरू कोळेकरांनी कळपाला हाक दिली. एकही मेंढरू वळलं नाही.

घशाच्या शस्त्रक्रियेत त्यांचा आवाज गेला होता. गळ्यात बसवलेलं यंत्र आता हुबेहूब त्यांच्याच आवाजात बोलायचं. वाडीत कुणालाच फरक कळत नव्हता, कळपाला मात्र कळत होता. महिनाभर मेंढरं पांगत होती आणि काल लांडग्याने दोन कोकरं नेली.

शेवटी त्यांच्या बायकोने, ठकूबाईंनी, सुनेत्रा वर्तकांना बोलावलं. धनगरांच्या हाकांवर संशोधन करताना या बाईंनी बिरूंची हाक पूर्वीच ध्वनिमुद्रित केली होती. माणसाच्या आणि मेंढीच्या कानाची रचना ताडून त्यांनी एक श्रवणयंत्र बनवलं होतं. ते लावलं की मेंढीला येतं तसं ऐकू येई. त्यांनी ते ठकूबाईंना लावलं आणि आधी नवी हाक ऐकवली, मग जुनी.

"अगं बया! ह्यात बारीक शिट्टी हाय की!"

"यांच्या दातांच्या फटीतून ती निघायची," सुनेत्राबाई म्हणाल्या. "माणसाला ती ऐकू येत नाही, म्हणून यंत्रवाल्यांनी घेतलीच नाही."

त्यांनी ती शिट्टी गळ्यातल्या यंत्रात भरली. बिरूंनी पुन्हा हाक दिली. माळावर सगळ्या माना वर झाल्या आणि कळप धावत आला.

ठकूबाईंनी कानातलं यंत्र काढलं नाही.

"चाळीस वर्सं संसार केला," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अन् तुमचा सगळा आवाज मेंढरांनाच ठावा. आता मला हाक मारा बघू. नावानं."

बिरूंनी इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, "ठके."