उसना घाम

"हलू नकोस," म्हणत घड्याळजींनी पट्टी चिकटवली. स्वतःच्या नव्हे, बायकोच्या दंडावर.

पट्टी लेकीने पाठवली होती. सुई नको, रक्त नको. आठ दिवसांचा घाम टिपायचा आणि अंगात साखर किती आहे ते थेट परगावी लेकीच्या फोनवर कळवायचं, एवढंच तिचं काम. अडचण एकच होती. घड्याळजींना घामच येत नसे. चाळीस वर्षं त्यांनी स्टुलावर बसून घड्याळं दुरुस्त केली होती, आता आरामखुर्चीत बसून नुसतं घड्याळ बघायचे. पट्टी कोरडी ती कोरडीच. लेक रोज फोनवर करवादायची, "बाबा, जरा चाला हो!"

चालण्यापेक्षा त्यांनी डोकं चालवलं. "तू दिवसभर राबतेस, घाम नुसता वाया जातोय," ते बायकोला म्हणाले. "थोडा मला उसना दे."

"घ्या," ती हसली. "आजवर काय कमी घेतलात?"

पट्टी ओली झाली तसं लेकीचं करवादणं थांबलं. घड्याळजी निवांत झाले. बायको मात्र हल्ली तांबेच्या तांबे पाणी प्यायची. "उन्हाळा," म्हणायची. पायाला काच लागून महिना झाला तरी जखम भरत नव्हती. "वय झालं," म्हणायची. त्यांनीही मान डोलावली होती.

नवव्या दिवशी दुपारी फोन वाजला. लेक होती. "बाबा, असाल तसे दवाखान्यात जा. साखर भयंकर वाढलीय."

"छे गं! यंत्र बिघडलं असेल. मी ठणठणीत आहे."

"तुम्हीच सांगायचात ना? यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो."

घड्याळजींनी वळून पाहिलं. बायको ओट्याला टेकून उभी होती. दुखरा पाय अधांतरी, हातात पाण्याचा पेला. फोन तसाच टाकून ते उठले, तिच्या चपला घेऊन आले आणि जमिनीवर बसून तिच्या पायात सरकवू लागले.

"चल. दवाखान्यात जायचंय. आत्ताच."

तिने त्यांच्या कपाळाकडे पाहिलं आणि ती घाबरलीच. पेला बाजूला ठेवून पदराने त्यांचं तोंड पुसू लागली.

"अहो, केवढा हा घाम! तुमची साखर वाढली की काय?"