थोरलीची कावीळ

अहमदपूरच्या मंगल कार्यालयात साखरपुडा रंगात आला होता. विहिणीची ओटी भरायची वेळ झाली, आणि अंबिका दारातून आत आली. शिरूर अनंतपाळहून एसटीनं, एकटी. ठसठशीत कुंकू लावून.

तिच्या सासूचं, कस्तुराबाईचं, तोंड पांढरंफटक पडलं. पडणारच! लेकीच्या सोयऱ्यांना तिनं सांगून ठेवलं होतं, थोरली सून काविळीनं पडून हाय. ओटीचा मान थोरल्या सुनेचा, म्हणून जावेची सून उभी केली होती. अंबिकेनं तिच्या हातातलं ताट सरळ काढून घेतलं.

"तू कशाला आलीस गं हितं?" कस्तुराबाई कानाशी येऊन म्हणाली. "पोरीचं जमलेलं मोडाया?"

"मोडलं तर मोडू द्या, आत्या."

मनापासून म्हणाली ती. अंगात काहीतरी शिरलंय म्हणून या बाईनं तिला दोन वर्षं अंगारा चाटवला होता. नांदेडच्या डॉक्टरच्या पहिल्या गोळीनं नुसती झोप आली, तर आळशी म्हणाली. दुसरीनं उलट्या झाल्या, तर नाटकी. तिसरी अंबिकेनं पिठाच्या डब्यात लपवून खाल्ली. महिनाभर काहीच नाही. मग एका सकाळी सपाटून भूक लागली. भुकेमागून राग आला, तो काही जाईना.

विहीण रुक्मिणबाई पाटावर बसल्या होत्या. अंबिकेनं हळदीकुंकू लावलं. पदरात तांदूळ, खण, नारळ घातला.

"थोरली ना तू? कावीळ उतरली का, बाई?"

"कावीळ न्हवतीच, मावशी. जगावंच वाटत न्हवतं. डोक्याचा इलाज चालू हाय. दोन गोळ्या लागू पडल्या न्हाईत, तिसरी पडली. आजबी खाऊन आले."

नवरीचे, सृष्टीचे, डोळे भरून आले. कस्तुराबाईनं कपाळाला हात लावला. आता सोयरे उठणार.

रुक्मिणबाई उठल्या नाहीत. त्यांनी अंबिकेचा हात धरून तिला खाली ओढलं.

"मलाबी तसंच हुतंय गं, वरीस झालं. घरात कुणाला सांगितलं न्हाई. नाव काय त्या डॉक्टरचं?"

अंबिका उभी राहिली. सासूकडं वळली.

"आत्यांना इचारा. रोज नाव घेऊन घेऊन शिव्या घातल्यात त्यांनी त्याला. सांगा की, आत्या. जरा मोठ्यानं सांगा."