मध्यंतरानंतरचा खेळ

पहारीचा तिसरा घाव बसला तेव्हा कुठं गुंडू अडत्याचे हात थांबले. वखारीतल्या गुळाच्या ढेपांवर रक्त उडालं होतं. बाळासोनं तरीही चौथा घाव घातला. दोन वर्षांपूर्वी याच गुंडूनं कुरुंदवाडच्या बाजारात त्याला चारचौघांत पायताणानं मारलं होतं. सात वेळा. तेव्हा हसलेली माणसं अजून रस्त्यात भेटली की गालात हसत.

सदरा त्यानं आधीच काढून खुंटीला लावला होता. हात धुतले. भिजलेलं बनियन पहारीला गुंडाळून वखारीमागच्या पडक्या विहिरीत सोडलं, सदरा उघड्या अंगावर चढवला आणि तो शाहूपुरीच्या गर्दीत शिरला. पाच वाजायला आले होते.

आता सगळं एकाच गोष्टीवर होतं. या वेळी आपण थिएटरात होतो हे पोलिसांना पटलं पाहिजे. पटलं तर घर, न पटलं तर फास.

तयारी पक्की होती. कुठल्याशा जपानी चित्रकथेवरून काढलेला तो सिनेमा. कोट्यवधींचा खर्च, डोंगराएवढी यंत्रं, हिंदी बोलणारे जपानी आणि छातीत घुमणारे स्फोट. पंधरा दिवसांपूर्वी सांगलीला जाऊन बाळासोनं तो सलग दोनदा बघितला होता. फौजदार गोष्ट विचारणार, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं प्रसंग न् प्रसंग घोकून ठेवला होता. आज तीनच्या खेळाला त्यानं डोअरकीपर आकारामशी खुर्चीवरून मुद्दाम हुज्जत घातली, शेजारच्यांना शेंगदाणे दिले, आणि मध्यंतराला चहाला उठलेल्या लोकांबरोबर तो बाहेर पडला.

परतला तेव्हा खेळ सुटत होता. सुटत कसला, फुटत होता. आत खुर्च्या कडाकडा मोडत होत्या. कुणीतरी खुर्चीचा हात उपसून फेकला होता आणि पडदा मधोमध फाटला होता. दारात चौघांनी आकारामला भिंतीशी दाबून धरलं होतं. असला सिनेमा आणलाच कसा, म्हणून ते त्याला बुक्क्या घालत होते. त्याच्या भुवईतून रक्त गळत होतं.

बाळासोला अशी संधी मागून मिळाली नसती. तो पुढं घुसला, एकाचं मनगट पिरगाळलं, दुसऱ्याला पायरीवरून ढकललं आणि आपला रुमाल आकारामच्या कपाळाला बांधला.

"तुमी हुता म्हणून वाचलो," आकाराम म्हणाला.

एवढं पुरे होतं.

शेंगदाणे खाल्लेले दोघं फाटकापाशी भेटले. मंडईत भाजी विकणारी तानाबाई आणि कॉलेजात शिकणारा वीरेश. मध्यंतरानंतर कुठं गेलात, असं तानाबाईनं विचारलंच. पुढच्या रांगेत रिकामी जागा मिळाली, असं त्यानं सांगितलं. मग सिनेमा कसा वाटला, ते विचारलं.

"गारव्याला म्हणून आलते, ते डोकं तापवून निघाले," तानाबाई म्हणाली. "ते पोरगं यंत्रासकट जळून राख झालं. आई ऊर बडवून घेती. अन् जरा येळानं तेच पोरगं ताटावर बसून भात खातंय. जपानात मेलेली माणसं जेवत्यात का वो पावणं?"

बाळासोला हसू आलं. म्हातारीनं मधेच डुलकी काढली असणार. वीरेशनं मात्र कपाळाला आठ्या घातल्या. त्याच्या मते सिनेमा फार खोल होता. पोरगा राखेतून नवा जन्म घेतो आणि ते कळायला जरा वाचन लागतं, असं त्यानं तानाबाईला सुनावलं. त्यावर तिनं, तुझ्या वाचनात मेल्यावर भूक लागती का तेवढं सांग, असं विचारलं.

बाळासो मान हलवत राहिला. एवढा पैसा ओतला आणि बघणाऱ्यांना काडीचं कळलं नाही. त्याचं मात्र त्यात भलंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पोलीस आले. पायताणाची गोष्ट साऱ्या कुरुंदवाडला माहीत होती. बाळासो शांतपणे चौकीत गेला, आणि आपल्याला कोणी कोणी बघितलं त्यांची नावं त्यानं सांगितली.

दुपारपर्यंत तिघंही आले. आकारामनं डोक्याची पट्टी दाखवून सांगितलं की हा माणूस नसता तर माझा मुडदा पडला असता. तानाबाई आणि वीरेशनं शेंगदाण्याची शपथच घेतल्यासारखी साक्ष दिली. हवालदारानं सगळं लिहून घेतलं.

फौजदारानं सगळ्यांना चहा मागवला आणि मध्यंतरानंतर काय दाखवलं ते विचारलं. तानाबाईनं भाताचं सांगितलं. वीरेशनं पुनर्जन्माचं सांगितलं. दोघांची पुन्हा जुंपली. फौजदारानं हात वर करून त्यांना गप्प केलं.

"बाळासो, आता तू सांग."

बाळासोनं घसा साफ केला. मध्यंतर झाल्या झाल्या आई पोराला लपवून ठेवते आणि भात वाढते, ते सांगितलं. थोरला भाऊ फितूर होऊन दारात येतो, ते सांगितलं. पुलावर दोघं भिडतात, आणि धाकट्याचा लोखंडी हात थोरल्याची मान कडकन मोडतो, तिथं त्यानं स्वतःची मूठ आवळून दाखवली. मग पोरगा यंत्र घेऊन शत्रूच्या आगीत घुसतो आणि शहरावर राख पडत राहते. आई त्या राखेत ऊर बडवत एकटी उभी. तिथं सिनेमा संपतो.

हवालदाराचं पेन थांबलं होतं. तानाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"आत्ता कळला बघा मला पिच्चर," ती म्हणाली.

"मलाबी," फौजदार म्हणाला. त्यानं कप खाली ठेवला. "खुर्च्या का मोडल्या ते विचाराय मी काल ऑपरेटरकडं गेलतो. गडी नवा हाय. मध्यंतरानंतर त्यानं शेवटचं रीळ आधी लावलं, अन् मधली रिळं मागनं. बाळासो, तू सांगितलास तो सिनेमा काल त्या थिएटरात कुणीच बघितला न्हाय."