पडद्यावरची माफी

लोणखेड्याच्या सत्संगात भक्तिपर सिनेमा लावला होता. लहानपणी अत्याचार करणाऱ्या मामाला नायिकेने देवासमोर माफ केलं, तशी रंजिताची माय पदरात तोंड खुपसून रडू लागली. बाप गेला त्यानंतर रंजिताने तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. रंजिताचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं. आता बोलले नाही तर कधीच नाही, असं वाटून तिने मायचा हात घट्ट धरला.

"माय, मन्हासंगे बी असंच व्हयनं व्हतं. गिरधरकाकानी करं."

मायने हात सोडवला नाही. डोळे तेवढे पुसले.



"माले तवाच मालूम पडनं व्हतं, बेटा. म्हनीसनच तुले आठे हाऊ सिनेमा देखाले लई वनू. परवा तुन्हं कन्यादान गिरधरकाकासलेच करनं शे."