चिमीचं ‘भू’

“दुसरीचं मेलेलं लेकरू माझ्या डोक्यात पेरलंत तुम्ही!” नलू आपल्या वरिष्ठांच्या, इंगवलेसाहेबांच्या टेबलावर हात आपटून ओरडली.

सकाळीच तिने आपल्या वसाहतीसाठी चंद्रावरच्या बर्फाचा तह पदरात पाडून घेतला होता. शेजारच्या वसाहतीचे देशमाने आकडे घेऊन आले होते आणि आकडे खरेच होते, बर्फ त्यांच्याच हद्दीतला होता. नलूने एकही आकडा खोडला नाही. पाण्याला ‘भू’ म्हणणारी आपली चिमी तहानेने कशी गेली, एवढंच तिने सांगितलं. खोटं रडणं पकडणारं यंत्रसुद्धा गप्प राहिलं. देशमान्यांनी डोळे पुसत सही केली.

निघताना मात्र ते म्हणाले, “ताई, सगळं तपासायची सवयच वाईट माझी. चिमीची नोंद शोधली, ती दुसऱ्याच आईच्या नावावर निघाली. तुम्हाला मूल झालेलंच नाही हो.”

आता साहेब हसले. “अगं, पाणी मिळालं ना? ती आठवण उद्या पुसून टाकू.”

“हात तर लावून बघा!” नलू म्हणाली. “माझी नव्हती, तर ‘भू’ तिने मागितलं कुणाजवळ? त्या आईला तरी ती आठवतेय का, की ती आठवणच तिच्याकडून काढून मला दिलीत? बोला ना!”