अंगणापुरता पाऊस

अंगणात पाऊल टाकताच लाँड्रीवाल्याची चप्पल पाण्यात चपकन वाजली. फरशी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओलीचिंब होती. मधल्या बाकावर पसरलेलं लोकरीचं ब्लँकेट मात्र, लांबून तरी, कोरडं दिसत होतं. जवळ जायचा त्याला धीर होईना.

ही खूण त्यानेच मागितली होती. दुकानात रफूचं काम करणाऱ्या बाई उद्या भावाच्या गावी कायमच्या जायला निघणार होत्या. ‘जाऊ नका, माझ्याशी लग्न करा,’ एवढं एक वाक्य चार महिने त्याच्या घशात अडकून बसलं होतं. शेवटी त्याने देवावर भार टाकला. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, लढाईला जायला कचरणारा एक माणूस आहे. त्याने खळ्यात लोकर ठेवली आणि देवाला म्हणाला, सकाळी लोकर तेवढी भिजू दे, जमीन कोरडी राहू दे, म्हणजे तू माझ्या पाठीशी आहेस असं समजेन. लाँड्रीवाल्याने तेच मागितलं. काल सकाळी ब्लँकेट दमट आणि फरशी कोरडी ठणठणीत निघाली.

दुसरा कुणी नाचला असता. पण याची उभी हयात लोकर धुण्यात गेलेली. लोकर हवेतला ओलावा पिऊन घेते आणि तो लवकर सोडत नाही. त्यासाठी देवाने तसदी घ्यायची गरज नसते, हे याला पक्कं ठाऊक. तो शास्त्रातला माणूसही लोकर ओळखून असणार, म्हणूनच दुसऱ्या रात्री त्याने उलटं मागितलं: लोकर कोरडी, जमीन ओली. यानेही मग तेच मागायचं ठरवलं. काल जेवताना लाँड्रीवाल्याने हे सगळं लेकीला सांगितलं होतं. कशासाठी, ते तेवढं सांगितलं नव्हतं. लेकीने विचारलंही नाही. तिने ताट उचललं आणि जरा बाहेर जाऊन येते म्हणाली.

त्याने वाकून ब्लँकेटला हात लावला. कोरडं होतं. नुसतं कोरडं नाही, चक्क गरम होतं, इस्त्रीखालून आत्ताच काढल्यासारखं. त्याने ते उलटंपालटं करून पाहिलं. कोपऱ्यात कसरीने पाडलेलं भोक दोन वर्षं तसंच होतं, ते आता सापडेना. टाके इतके बारीक की दुसऱ्या कुणाला दिसलेच नसते. हात कुणाचा, हे विचारायची याला गरज नव्हती.

दाराआड लेक उभी होती. पायाशी रिकामी बादली.

"रात्री पाऊस पडला का गं?"

"पडला असेल, बाबा. आपल्या अंगणापुरता."

त्याला हसू फुटलं ते आवरेना. इतका आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता. ब्लँकेट छातीशी धरून तो तसाच दुकानात शिरला. बाई इस्त्रीच्या टेबलाशी मान खाली घालून सुईत दोरा ओवत होत्या, आणि दोरा काही केल्या ओवला जात नव्हता.

"त्या माणसाच्या लोकरीला रफू केलेलं नव्हतं," तो म्हणाला.

"त्याला दोन खुणा पुरल्या," बाई मान वर न करता म्हणाल्या. "तुम्हाला तिसरी लागणार असेल तर आत्ताच सांगा. इस्त्री अजून गरम आहे."